गेंदाबाईचं अर्धं पान

"आधी काय नाही ते सांगा," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

उन्हं उतरली होती. आम्ही दोघं अंगणात परवाच्या लग्नासाठी तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मी म्हटलं, डाळ आहे, लाकडं आहेत, माणसं आहेत. माझं मन नाही. ती हसली. "ते मी सामानात धरत नाही," म्हणाली. दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

तिचं नाव लिहिणार नाही. आमच्या वेळी नवरा बायकोचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढं बस. अख्खं उज्जैन तिला काकी म्हणायचं, तुम्हीही म्हणा.

ती पंगतींचा स्वैपाक चालवायची. 'करायची' म्हणत नाही, 'चालवायची' म्हणतो, कारण झारा तिच्या हातात क्वचित दिसे. मराठी घरांतली लग्नं, मुंजी, उत्सवाचं जेवण, सगळं तिच्याकडे. मी गिरणीत बॉयलरवर होतो. सुट्टी असली की तिच्या भट्ट्या सांभाळायचो. घरी मी नवरा, भट्टीपाशी तिचा नोकर. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला दोन्ही चालायचं.

आदल्या दिवशी ती सगळ्यांना गोल बसवायची. पोळ्या लाटणाऱ्या बाया, भाजी चिरणारे, भांडी घासणारी गेंदाबाई, देवास गेटवरून सामान आणणारा भागीरथ. प्रत्येकानं काय नाही ते सांगायचं. आहे ते सांगितलेलं तिला आवडत नसे. "आहे ते मला दिसतंच की," म्हणायची.

एकदा भागीरथ भीत भीत म्हणाला, "काकी, तूप में बास है." म्हणजे तुपाला वास येतोय. मला वाटलं, आता ही त्याला सोलते. तिनं त्याला गुळाचा खडा दिला आणि तूप परत पाठवलं. दुसऱ्या एकानं नासलेलं दही ताकात दडवलं, त्याला मात्र दारातूनच वाटेला लावलं. वाईट आधी सांगणाऱ्याला गूळ, लपवणाऱ्याला रस्ता. एवढाच तिचा कायदा. माझा नातू सांगतो की त्याच्या हापिसात काम कसं चालवावं याचे आता वर्ग घेतात. घेऊ देत.

आणखी एक तिचं होतं. एकाचं काम दुसऱ्याला आलंच पाहिजे. वरण करणाऱ्याला ती मधेच कढीवर उभं करायची. लोक वैतागायचे. मीही म्हटलं, कशाला त्रास देतेस? तर म्हणे, "माणूस आहे, ताप येतो, मूल आजारी पडतं. पंगतीनं का उपाशी राहायचं?"

आणि नैवेद्य दाखवून झाला की पहिली पंगत कामकऱ्यांची. ती स्वतः वाढायची. "भुकेल्या माणसाच्या हातून मीठ जास्त पडतं," म्हणायची. यजमान कुरकुरायचे, पण तिची पंगत कधी फसली नाही म्हणून गप्प बसायचे.

एक गप्प बसला नाही. त्याची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय काकी पुरी होत नाही.

मध्य भारत राज्य मोडलं, भोपाळला राजधानी झाली, ते वर्ष. हापिसं हलली. आपली कितीतरी माणसं बिऱ्हाडं बांधून निघाली. तेव्हा इथल्या मराठी मंडळानं निरोपाचं जेवण ठेवलं. मंडळाचा कार्यवाह एक बाबू होता. मोठ्या साहेबासमोर त्याला मिरवायचं होतं, कारण त्याची स्वतःची बदली अडकली होती.

भाषणं लांबली. काकीनं रीतीप्रमाणे मागच्या अंगणात कामकऱ्यांची पानं मांडली. तेवढ्यात हा साहेबाला भट्ट्या दाखवायला तिकडे घेऊन आला. समोर गेंदाबाई, तिच्या पानावर वरणभात, घास हातात.

"साहेबांच्या आधी भांडी घासणाऱ्यांची पंगत?" तो ओरडला. "उठा सगळे."

त्यानं सगळ्यांना भरल्या पानावरून उठवलं. जेवत्या माणसाला कोणी उठवतं का हो? वैऱ्यालाही उठवत नाहीत. गेंदाबाईनं हातातला घास परत पानावर ठेवला आणि हात धुवायला गेली. तो घास मी अजून विसरलेलो नाही.

काकी परत भट्टीकडे वळली. ते जेवण तिनं नीट पार पाडलं, साहेबानं श्रीखंड दोनदा मागून घेतलं. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. कार्यवाहानं गावभर केलं की या बाईला रीत नाही. मोठी कामं बंद झाली. भागीरथ हमालीला लागला. मी रोज म्हणायचो, त्याचा पाय मोडतो. ती म्हणायची, "त्यानं काय होईल? लंगडत येईल."

आणि आलाच. वर्षभरानं, मुलीचं लग्न तोंडावर असताना. त्याचा आचारी जास्त पैशाला इंदूरला निघून गेला होता. ती हो म्हणाली. मी थाळी आपटली. तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "गेंदाबाईचं अर्धं पान राहिलंय. ते त्याच्या दारात पुरं करायचंय."

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही डाळ निवडत होतो. पहाटे ती पाणी तापवायला उठली. बंबापाशी बसली, ती बसलीच.

कार्यवाह आला तेव्हा भागीरथ तिरडी बांधत होता. यानं हात जोडले, वाईट झालं म्हणाला. मग थोडा घुटमळला. "अण्णा, उद्याचं काय?"

मी म्हटलं, "आधी काय नाही ते सांगा."

त्याला कळेना. भागीरथ सुतळी ओढता ओढता म्हणाला, "साब, काकी ऐसेच पूछती थी."

तो खाली बघत म्हणाला, "आचारी नाही. लग्नसराईत दुसरा मिळत नाही."

"आणखी?"

"वरपक्ष संध्याकाळी उतरतोय. अब्रू राहणार नाही."

हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. समोर ती निजलेली, आणि माझ्या पोटात गारवा वाटला. खोटं कशाला बोलू?

मी म्हटलं, "माणसं येतील, तिनं घेतलेलं काम आहे. नैवेद्य झाला की पहिली पंगत त्यांची. मागच्या अंगणात नाही, मांडवात. वाढायचं तुम्ही. गेंदाबाईपासून."

"वरपक्षासमोर?"

"साहेबांसमोर उठवलं होतं ना?"

ती असती तर हे मागितलं नसतं. तिनं आपल्या हातानं वाढून ते पान मुकाट्यानं पुरं केलं असतं. पण ती नव्हती, मी होतो. तो हो म्हणाला. मग आम्ही तिला उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माधव नगरला, त्याच्या घराकडे गेलो. सुतकात मांडवात जाता येत नाही, म्हणून रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. लोक बघत होते, बघू दिलं. भट्ट्या नीट पेटल्या होत्या. वरणाला भागीरथ होता, त्याला तिनंच शिकवलेलं.

नैवेद्य झाला. पानं मांडली. वरपक्षाची माणसं खांबांना टेकून बघत राहिली. तो वरणाची बादली घेऊन आला आणि गेंदाबाईसमोर वाकला. त्याची मान लाल झाली होती. बाई सावकाश जेवत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, "साब, नमक नहीं है."

तो मीठ आणायला धावला. परत येताना त्याला मी दिसलो. त्यानं मान खाली घातली, मी घातली नाही. गेंदाबाई जेवून उठेपर्यंत तिथून हललो नाही.

मग चक्रतीर्थाच्या स्मशानात गेलो. अस्थी गोळा करताना तिला आधी वाईट सांगितलं, पानावर मीठ उशिरा आलं. ते कोणी आणलं, ते नंतर सांगितलं.