फिकट गुलाबी होईपर्यंत

“लग्नाची हळद ताजी आहे, वर्षाच्या आत घरी बसेल. तिला ब्युरेट शिकवण्यात वेळ घालवू नका. बाटल्या धुऊ द्यात.”

परळच्या औषध कंपनीच्या लॅबमधला माझा पहिला दिवस. दार अर्धवट उघडं, आणि लॅबप्रमुख प्रधानसाहेबांचा आवाज मुळातच मोठा! केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली मी, पण नोकरी कच्ची. साहेब ‘ठेवा’ म्हणाले तरच पक्की होणार. मी बाटल्या धुवायला लागले. मोरीपाशी उभं राहिलं की सगळं ऐकू येतं, आणि असे किस्से आपोआप साठत जातात.

*

हळद खरंच ताजी होती, पार तळव्यांपर्यंत. पहिल्याच आठवड्यात कॉस्टिक सोड्याची बाटली विसळताना थोडं हातावर आलं आणि तळवा लालभडक झाला. लॅबमधले लालबागचे रेडकर किंचाळले, “अगो बाय माझे, रगात!”

दुसरे सहकारी, घोडपदेवचे कांबळे, शांतपणे आले. माझ्या हातावर भरपूर पाणी, मग पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ओतलं. हात पुन्हा पिवळा; हळद अल्कलीत लाल होते, अ‍ॅसिडमध्ये परत पिवळी.

साहेब जागेवरूनच म्हणाले, “रेडकर, रक्त नाही ते. बाईंचा पीएच आठाच्या वर गेला होता, एवढंच!”

*

एकदा खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. तो बघायला हिशेबखात्यातले एक गृहस्थ आमच्या खिडकीशी आले. “हे तुमचं बफर बफर म्हणजे काय हो?”

रेडकर म्हणाले, “थोडं अ‍ॅसिड ओता, थोडा अल्कली ओता, पीएचचा काटा जागचा हलत नाही. दिल्ली बघताय ना? तसं!”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आता बोलणी बसणार!

“अर्धवट सांगू नका, रेडकर. बफरलाही मर्यादा असते. ओतत राहिलं की एक वेळ येते, आणि काटा सुटतो.” मग टोपी उचलून, “चला, मोर्चा पुढे जाईल!”

*

बफरचं गणित साधं. अ‍ॅसिडचा पीके, म्हणजे त्याचा ठरलेला आकडा, घ्यायचा (अ‍ॅसिटिकचा चार पॉइंट शहात्तर), त्यात त्याच अ‍ॅसिडचं मीठ भागिले अ‍ॅसिड याचा लॉग मिळवायचा. दोन्ही सारखी असली तर लॉग शून्य, काम संपलं. पण त्या दिवशी मीठ निम्मंच होतं. लॉगच्या कोष्टकातून आलं बार एक पॉइंट सहा नऊ नऊ. यात बारखालचा एक तेवढा उणा, पुढचे आकडे अधिक. रेडकरांनी सगळंच वजा केलं. चार पॉइंट शेहेचाळीसच्या जागी तीन पॉइंट शून्य सहा, म्हणजे कितीतरी जास्त आंबट!

मला मोरीपासून दिसत होतं. मी बाटली घासत राहिले.

“रेडकर, हे औषध आहे की लिंबाचं लोणचं?” साहेब कडाडले.

“साहेब, सावधगिरी म्हणून सगळंच उणं धरलं!”

*

तेच रेडकर एकदा फिनॉल्फथॅलीन, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण, पिपेटच्या नळीतून तोंडानं ओढत होते. खिडकीतून कुणीतरी घोषणा दिली, यांनी “झालाच पाहिजे!” म्हणायला तोंड उघडण्याआधी घोट गिळला. फिनॉल्फथॅलीन म्हणजे जुलाबाच्या गोळीतलंच औषध.

कांबळ्यांनी त्यांच्या हातात छत्री दिली. “निघा आता. घर गाठेपर्यंत कुणाशी बोलत उभे राहू नका!”

*

मग तो दिवस आला. हेड ऑफिसनं विचारलं होतं, बाईंना ठेवायचं की नाही, आजच कळवा.

तिघं टेबलाभोवती बसले. मध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं टायट्रेशन चालू: ब्युरेटच्या उभ्या नळीतून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब अल्कली, फिनॉल्फथॅलीन फिकट गुलाबी होईपर्यंत. रेडकरांचा हात ब्युरेटच्या तोटीवर. मी हातभर अंतरावर उभी, पण जणू नव्हतेच.

“उद्या पाळणा हलला की?” साहेब.

“माझी बायको तिसऱ्या बाळंतपणानंतरही मिलमध्ये जाते, साहेब,” कांबळे म्हणाले.

“मिलचं वेगळं. इथं एकाग्रता लागते! नजर हलली की संपलं!”

“अगदी बरोबर!” म्हणत रेडकर साहेबांकडे पुरते वळले. तोटी तशीच उघडी.

वीक अ‍ॅसिड बराच वेळ दाद देत नाही, आणि मग एका थेंबात उडी मारतं. फिकट गुलाबी आलं, तिथं थांबायला हवं होतं. मग गुलाबी. मग जांभळट. वाद रंगतच होता.

मी हात पदराला पुसले, तोटी बंद केली आणि फ्लास्क उचलला.

“साहेब, हा वाया गेला. मी धुऊन दुसरा लावते, आणि ब्युरेटवर मीच बसते. तुमचं चालू द्या!”