शेठची झेंडूची माळ

अण्णा गेले. आणि मी नेहमीप्रमाणे घरी नाही.

वणीच्या स्टँडवर बसून टाइप करतोय. नाशिकची गाडी अजून लागलेली नाही. शेजारी एक काका द्राक्षं विकतायत. आंबट आहेत, तरी घेतली. असो.

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. शंभरीला टेकलेले. रिटायर्ड मास्तर. सकाळी झोपेतच गेले, काही त्रास नाही.

मी कॉलेज सोडलं तेव्हा घरात सगळ्यांनी लेक्चर दिलं. अण्णा एवढंच म्हणाले, "फिर बाबा. फक्त लिफ्टमध्ये पाय टाकताना खाली बघ."

ही लिफ्टची भानगड सांगतो.

त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, नाशकात एका शेठच्या तांब्यापितळेच्या गोदामात हमाल होते. एकोणीसशे तीसनंतरची कधीतरीची गोष्ट. अण्णा तेव्हा शाळेत.

गोदामात माल चढवायला दोरावरची लिफ्ट होती. प्रत्येक मजल्यावर लाकडी दार, दाराला कडी. लिफ्ट मजल्यावर नसेल तर कडी लावायची. दार उघडं म्हणजे लिफ्ट आलेली. साधा नियम.

खंडेनवमीला तिथे लिफ्टची पूजा व्हायची. हळदकुंकू, नारळ, आणि वरच्या दाराच्या कडीला झेंडूची जाडजूड माळ.

आता पूजेची माळ कोण तोडणार? नदीत सोडेपर्यंत हात लावायचा नाही. दसरा झाला, काम सुरू झालं, माळ तशीच. कडी लागेना. दार आपोआप उघडायचं.

पणजोबा भांड्यांचं पोतं ओढत उलटे चालत आले. मान वळवून पाहिलं तर दार उघडं. टाकला पाय मागे.

लिफ्ट खाली होती.

जीव वाचला. पाय गेला.

सोबतचे हमाल दवाखान्यात येऊन थट्टा करायचे, "नारळ दिला तरी पोट भरलं नाय बघ तिचं." पणजोबा पण हसायचे म्हणे.

पण घरात कोणी हसत नव्हतं. पाय गेलेल्या हमालाला कोण काम देणार? चूल बंद, अण्णांची शाळा बंद.

कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा तेव्हाही होता. फक्त एक पळवाट होती. कामगाराने स्वतःच मुद्दाम सुरक्षेची सोय निकामी केली असेल, तर काही मिळणार नाही.

शेठच्या वकिलाने नेमकी तीच पकडली. माळ या हमालानेच बांधली, एवढंच शेठने सांगायचं. बाकीचे हमाल पोटासाठी गप्प बसणार, हे सगळ्यांना माहीत.

सुनावणीत भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबाने शेठना विचारलं, माळ कोणी बांधली?

आता गंमत अशी, की लिफ्टला पहिली माळ दरवर्षी शेठच्याच हातची. तो त्यांचा मान. बाजारभर मिरवायचे. तो मान सगळ्यांदेखत हमालाच्या नावावर करायचा?

शेठ बराच वेळ टोपी सारखी करत राहिले.

मग म्हणाले, "पूजा माझी. माळ मी बांधली. काढू नका असंही मीच सांगितलं."

वकील खाली बसले.

भरपाई मिळाली. वर शेठने पणजोबांना गोदामात बसून करायचं काम दिलं. अण्णांची शाळा परत सुरू झाली. पुढे स्वतःच मास्तर झाले आणि पंचवटीतल्या कितीतरी पोरांचे कान पिळले. माझे पण.

मी एकदा विचारलं होतं, अण्णा, शेठ खरंच प्रामाणिक होता की नुसता मानाचा भुकेला?

अण्णा चहा बशीत ओतत म्हणाले, "मला काय करायचंय? मी शाळेत गेलो ना."

अण्णा, नीट जा.

पणजोबांना माझा नमस्कार सांगा. शेठ भेटले तर त्यांनाही.