मी माझी बुडेन

शाळेची पाण्याची मोटार जळली, त्या दिवशी ही बाई आम्हा शिक्षकांच्या नजरेत पहिल्यांदा भरली. मधली सुट्टी होती. टाकीजवळ एक दणकट बाई उकिडवी बसून बोल्ट सोडवत होती. मोटार सुटली तसा आमचा शिपाई भलेपणानं पुढे झाला. म्हणाला, "एका बाजूनं मी धरतो." बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं तिचे दात घासून द्यायची तयारी दाखवली होती. "सरका," एवढंच म्हणाली, मोटार उचलून खांद्यावर टाकली आणि चालती झाली. फाटक बंद होतं, तेही तिनं कोपरानं उघडलं. शिपाई दिवसभर खट्टू होता. त्याला काम चुकल्याचं नाही, पण भलेपणा वाया गेल्याचं वाईट वाटत होतं.

तिचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळक्या मोटारीतली काळी पडलेली तार उपटून काढायची, खाचांमध्ये नवा कागद बसवायचा, तांब्याची नवी तार भरायची आणि वरून वॉर्निश द्यायचं. बोटं कायम चिकट, पिवळसर. दुकानामागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत तिला न जमणारी एकही गोष्ट नाही. गिलावा तिनं स्वतः केलेला, पलंग स्वतः ठोकलेला. केस स्वतः कापायची, त्यामुळे उजवी बाजू नेहमी डावीपेक्षा आखूड. एकदा दाढ दुखायला लागली तर तीही स्वतःच उपटली. "पकडीनं?" असं कुणी घाबरून विचारलं, तर म्हणाली, "दुकानातली नव्हती हो. धुतलेली होती."

कुणी काही देऊ केलं, सुचवलं, विचारलं, की तिचं एकच उत्तर असे: "मी बघते." त्यामुळे गल्लीत तिचं नावच 'मीबघते' पडलं. लहान मुलं तिला मीबघते मावशी म्हणत आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

दुकानासमोर एक छोटं चर्च होतं. तिथला पंप अधूनमधून रुसायचा आणि तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, रस्ता ओलांडून यायचे. माणूस सडपातळ, पंखा जोरात लावला तर खिडकीतून जाईल असा, पण जीभ तिखट. पंपात पाणी भरेपर्यंत ती चर्चच्या मागच्या बाकावर बसायची आणि त्यांचं आतलं प्रवचन कानावर पडायचं. पडलं की बाहेर आल्यावर वाद.

"पाळकसाहेब, एक विचारू? देव कुणाला लागतो? ज्याला जमत नाही त्याला. मला जमतं."

"सगळं?"

"सगळं."

"श्वासपण तुम्हीच तयार करता का मावशी? दुकानात, की मागच्या खोलीत?"

"ते आपोआप होतं."

"बरंच काही आपोआप होतं म्हणायचं तुमच्याकडे," पाळकसाहेब म्हणाले आणि तिचा पाना उलटा धरून तिच्या हातात दिला.

तिनं तो सरळ केला आणि मान उडवली. पण हे 'आपोआप' तिला पुढे काही दिवस दाताखालच्या खड्यासारखं लागत राहिलं.

आता, सगळं जमणाऱ्या या बाईला एक गोष्ट जमत नव्हती, आणि ती तिनं ताकास तूर लागू न देता लपवली होती. तिची धाकटी बहीण लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ते थोरलीकडे, दुकानामागच्या खोलीत होते. धाकटी रोज फोन करायची. "ताई, मी येऊ का? चार दिवस राहते." आणि थोरली म्हणायची, "काही गरज नाही. मी बघते." वडील आतून विचारायचे, "धाकटी कधी येतेय?" ही सांगायची, "येईल. कामात आहे." तिनं वडिलांचं सगळं केलं, कुठेच कमी पडू दिलं नाही. पण ते दाराकडे तोंड करून झोपायचे. आणि एका सकाळी दाराकडे तोंड करूनच गेले.

धाकटी धावत आली, रडली आणि थोरलीच्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, तुला एकटीला केवढं पडलं गं सगळं!"

तिनं दोष दिला असता तर बरं झालं असतं. या मायेनं घोटाळा केला. तेव्हापासून थोरलीनं धाकटीच्या घरातली एकूण एक वस्तू दुरुस्त करायला घेतली. बिघडलेल्या वस्तू पहिल्याच महिन्यात संपल्या. मग न बिघडलेल्यांची पाळी आली.

"ताई, तो मिक्सर चांगला चालतोय, खोलू नकोस!"

"आवाज येतोय."

"मिक्सर आहे तो! आवाज येणारच!"

मेहुणे तर ती येताना दिसली की टीव्हीसमोर जाऊन उभे राहत, त्याला वाचवायला. पण इतकं करून, खोलून, घासून, पुसून आतली ती जळकी जागा काही सुधारत नव्हती. काम मनासारखं झाल्यावर हाताला जी शांतता येते ना, ती या एका कामात येईना.

एके दिवशी चर्चच्या पंपाशी बसल्या बसल्या तिनं हे सगळं पाळकसाहेबांना सांगून टाकलं. पंपाकडे बघत सांगितलं, जणू पंपाचीच तक्रार आहे. पाळकसाहेबांनी या वेळी थट्टा केली नाही.

"धाकटीला सांगितलंत?"

"नाही."

"ते तुमचं तुम्हालाच करावं लागेल. पण मावशी, बाबांचं काय करणार? त्यांच्यापर्यंत तुमचा हात पोचतो का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"माझाही पोचत नाही. कितीही लांब पाना आणा. तिथं ज्याचा हात पोचतो, त्याच्याकडेच जावं लागतं. देव अडाण्यांना, गरिबांना, आजाऱ्यांना लागतो, असं तुमचं म्हणणं. असेल. पण खरं अडतं ते तुमच्यासारख्या हुशारांचं. कारण बाकीच्यांना निदान मागायची सवय असते."

ती उठली, हत्यारं गोळा केली, दुकानात आली आणि भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. प्रार्थना कशी करतात हे तिला ठाऊक नव्हतं. समोर मोटार उघडी पडलेली, हाताला वॉर्निश. शेवटी, गिऱ्हाईक कारागिराशी बोलतं तसं ती बोलली, "मी बोलतेय. वाइंडिंगवाली. चर्चच्या समोरची. एक काम आहे. मला जमत नाहीये."

एवढंच. पण 'मला जमत नाहीये' हे शब्द तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा बाहेर पडले होते आणि ते बाहेर पडताच तिला असं रडू फुटलं, की चिकट हातांनी डोळे पुसता येईनात. कोपरानं पुसले. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आकाशवाणी झाली नाही. पण आपलं कुणीतरी ऐकून घेतलंय, आणि ऐकून दचकलेलं नाही, एवढं तिला पक्कं कळलं. नळ गळत असेल तर न बघताही कळतं, तसं.

मग ती धाकटीकडे गेली आणि या वेळी एकही वस्तू न खोलता सगळं सांगितलं. बाबा रोज विचारायचे, हेही सांगितलं. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माफ करेन तुला. पण आज नाही. आज मला रागवायचंय. तू जा."

थोरली उठली. दारात तिच्या तोंडून सवयीनं आलंच, "तुझ्या दाराची कडी ढिली..."

"जा, ताई!"

पुढे बरेच आठवडे धाकटीचा फोन नाही. थोरली मात्र चर्चच्या मागच्या बाकावर पंप चालू असतानाही येऊन बसायला लागली. आणि एक दिवस पाळकसाहेबांना म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

तिथला बाप्तिस्मा म्हणजे पाळकानं माणसाला सबंध पाण्याखाली नेऊन वर काढायचं. पाळकसाहेबांना आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "तुम्ही शब्द म्हणा. बुडायचं काम माझं मी करते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी माझी बुडेन. तुमच्या अंगात ताकद नाही. माझं वजन बघितलंय का? तुम्ही मला बुडवायला जाल आणि दोघांच्या मातीसाठी वर्गणी काढावी लागेल."

"मावशी, या चर्चमधली ही एकच गोष्ट आहे, जी कुणालाच स्वतःची स्वतः करता येत नाही. मलासुद्धा दुसऱ्यानं बुडवलं होतं. खुद्द प्रभूदेखील नदीत दुसऱ्याच्या हातून बुडाला. त्याला जमलं नसतं का स्वतः?"

"त्याचं ठीक आहे. त्याला धरणारा धट्टाकट्टा असेल."

पाळकसाहेब ऐकेनात. तीही ऐकेना, पण वरवर ऐकल्यासारखं केलं. चर्चमध्ये व्यासपीठाखाली फळ्यांनी झाकलेला हौद होता, वर्षानुवर्षं कोरडा. "गळत असेल, मी बघते," म्हणून ती त्यात उतरली, भेगा बुजवल्या, आणि जाता जाता आतल्या भिंतीला लोखंडी दांडी ठोकून आली. हेतू हा, की ऐनवेळी दांडीला धरून आपलं आपण खाली जायचं आणि पाळकसाहेबांच्या हाताला नुसता मान द्यायचा.

शनिवारी पाळकसाहेब हौद बघायला गेले आणि त्यांना दांडी दिसली. बोल्ट खोलता येण्याइतकं शिक्षण त्यांचं नव्हतं. म्हणून त्यांनी दांडीला सबंध लांबीभर गोडेतेल चोपडलं.

रविवारी सगळी मंडळी जमली. पेटी वाजवणाऱ्या आजी पुढे सरकून बसल्या, कारण त्यांना काहीही चुकवायचं नव्हतं. थोरली पांढऱ्या झग्यात पाळकसाहेबांपाठोपाठ हौदात उतरली आणि तिची नजर मागच्या दाराशी गेली. धाकटी आली होती. तिला कुणी बोलावलं हे थोरलीला कळलं नाही. पाळकसाहेब तेवढ्यात पुस्तकात तोंड घालून उभे होते, म्हणजे ओळखायला हरकत नव्हती. धाकटी शेवटच्या बाकावर हातांची घडी घालून बसली. चेहरा अजून रागाचाच.

शब्द म्हणून झाले. पाळकसाहेबांनी एक हात तिच्या पाठीमागे घातला. थोरलीनं हळूच दांडीकडे हात नेला. हात सुळकन निसटला. पुन्हा नेला, पुन्हा निसटला.

"पाळकसाहेब," ती दातांतून पुटपुटली, "हे तुम्ही केलंत?"

"तेल माझं. बुद्धी वरून आली. आता मागे रेला."

ती रेलेना. म्हणजे रेलायला तिची ना नव्हती, पण अंग ऐकेना. पाठ फळीसारखी ताठ. पाळकसाहेब दाबायला लागले तर तेच पाण्यात घसरायला लागले. मंडळीत खसखस पिकली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आजी चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या.

"अंग सैल सोडा, मावशी!"

"सोडता येत नाहीये!" ती ओरडली. आणि या वेळी आवाजात भांडण नव्हतं. तिला खरोखरच भीती वाटली होती, की इथेही, देवाच्या दारातही, आपण अशाच ताठ उभ्या राहणार आणि कोरड्याच परत जाणार.

मागच्या बाकाचा आवाज झाला. धाकटी उठली, मधल्या वाटेनं तरातरा पुढे आली, चपला काढल्या आणि चांगल्या कपड्यांनिशी थेट हौदात उतरली. पाणी काठावरून सांडलं. तिनं थोरलीच्या दुसऱ्या बाजूनं खांद्याखाली हात घातला.

"तू कशाला?" थोरली म्हणाली.

"गप्प बैस. बाबांच्या वेळी येऊ दिलं नाहीस. आता मी विचारत नाहीये."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. काय झालं कुणास ठाऊक, पण तिचं सगळं अंग एकदम भिजल्या कापडासारखं पडलं. दोघांनी तिला पाण्याखाली नेलं. नेलं म्हणण्यापेक्षा ती गेली आणि ते दोघं कसेबसे तिला धरून राहिले. पाळकसाहेबांचा चष्मा तरंगायला लागला.

वर आली तेव्हा ती खोकत होती, हसत होती आणि रडत होती, आणि या वेळी पुसायला कोपर लागलं नाही. धाकटीनं आपल्या ओल्या बाहीनंच तिचं तोंड पुसलं.

"राग गेला?" थोरलीनं विचारलं.

"अर्धा," धाकटी म्हणाली. "उरलेला सावकाश जाईल. घाई करू नकोस."

तो सावकाशच गेला. त्या काळात थोरलीला रोज देवाकडे एकच मागणं मागावं लागे: मला थांबता येऊ दे. ते तिला स्वतःहून कधीच जमलं नव्हतं.

दुकान अजून चालू आहे, पण जड मोटारी ती आता घेत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती धाकटीकडेच राहते आणि तिला वाकता येत नाही, म्हणून सकाळी तिच्या पायांत मोजे धाकटी चढवते.