मूर्तिजापूरला थांबणारी गाडी

“भाऊ, तिसऱ्यांदा. तीच जागा. या आता.”

एवढं बोलून उज्ज्वलाताईंनी फोन ठेवला. मे महिना, दुपारचे दोन वाजलेले. तासाभरापूर्वीच त्या माझ्या गॅरेजमधून गाडी घेऊन अकोल्याकडे निघाल्या होत्या आणि ‘आता बिनघोर जा’ असं मीच त्यांना म्हणालो होतो. तेही दुसऱ्यांदा.

अमरावतीत माझं गॅरेज आहे, तीस वर्षं झाली. आसपास कोणाची जुनी विलायती गाडी रुसली की ती बहुधा माझ्याच दारात येते. ताईंची गाडी म्हणजे दोन दारांची, दोन सीटची, वीस-बावीस वर्षं वयाची लाल स्पोर्ट्स कार. अशा गाड्यांचं गणित सोपं आहे. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी चार लाखांत मिळते, पण तिचा रेडिएटर चाळीस लाखांच्या गाडीचाच राहतो. हे मी गिऱ्हाइकाला गाडी घ्यायच्या आधी सांगतो. ताई मला घेतल्यानंतर भेटल्या.

ताईंची अकोल्यात फुलझाडांची नर्सरी आहे. वय बावन्न. पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, “ही गाडी काहून घेतली, ताई?”

“वीस वर्सं रोपं घेऊन पिकअप चालवली, भाऊ. रोपं हलू नये म्हणून कधी चाळीसच्या वर नेली नाई. आता मले जोरात जाचं हाये.”

मला ते कारण पटलं. तेव्हापासून ती गाडी मी आपली मानली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत गाडी उभी होती, बॉनेट वर. ताई शेजारी दगडावर बसल्या होत्या, डोक्याला ओढणी गुंडाळून. त्यांचा धाकटा भाऊ प्रकाश अकोल्याहून आलेला होता. पाण्याच्या टाकीतून अजून वाफ निघत होती.

“मिस्त्री,” प्रकाश म्हणाला, “रेडिएटर नवा, पंप नवा, पंखा नवा. आता काय इंजिनाची पूजा घालू?”

तो चुकीचं बोलत नव्हता.

“मी बोलली होती याले,” ताई म्हणाल्या, “का तिसऱ्यांदा थांबली तं इकून टाकीन. सगळ्या घरासमोर बोलली.”

प्रकाशने गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. गाडी कापून सुटे भाग विकणारा माणूस रविवारी अकोल्याला येणार होता. तो दिवस होता बुधवार.

“मले रविवारपर्यंत द्या,” मी प्रकाशला म्हणालो. “रविवारी गाडी तिच्या पायांनी अकोल्याले आली, तर त्या माणसाले चहा पाजून परत पाठवजा. नाई आली, तर मी स्वतः बोल्ट खोलून देतो.”

प्रकाशने ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, “ठीक हाये. पण आता मी घरी बसून राहाची नाई. तुमी काय करून राहिले, ते मी उभी राहून पाहीन.”

क्रेनवर चढवून गाडी परत अमरावतीला आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताई बसने हजर.

आतापर्यंत काय झालं होतं ते सांगतो. एप्रिलमध्ये गाडी पहिल्यांदा तापली, तीही मूर्तिजापूरलाच. मी रेडिएटर तपासला, आतून गाळ दिसला, नवा मागवला. अठ्ठावीस हजार. अमरावतीत फिरवली, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. अकोल्याला निघाली ती मूर्तिजापूरला तापली. मग पाण्याचा पंप आणि पंखा. पुन्हा अमरावतीत छान. पुन्हा मूर्तिजापूर. आता एकच गोष्ट उरली होती, हेड गॅस्केट. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक पातळ पट्टी असते. ती फुटली की इंजिनातला जाळ पाण्यात शिरतो. ती बदलायला अर्धं इंजिन उतरवावं लागतं.

“किती?” ताईंनी विचारलं.

“लाख. वर वीस-पंचवीस.”

“अन् फुटलीच हाये, हे पक्कं?”

“बाकी सगळं तर बदललं ना, ताई.”

हे उत्तर नव्हतं. मलाही कळत होतं. तीस वर्षांचा अनुभव असला की माणूस असं अर्धवट उत्तर पूर्ण आवाजात देतो.

ताई एका जुन्या टायरवर बसल्या. म्हणाल्या, “आमच्याकडं कोणी सुकलेलं झाड घेऊन आलं, तं आमी औषध देत नाई. पयले इचारतो, चांगलं होतं तवापासून त्यात काय बदललं? कुंडी बदलली? जागा बदलली? माती नवी टाकली? झाड उगाच सुकत नाई.”

“ताई, हे झाड नोहे,” मी जरा चिडूनच म्हणालो.

“नसू द्या. मागच्या उन्हाळ्यात मी हीच गाडी घेऊन मे महिन्यात शेगावले गेली होती. काटा अर्ध्याच्या वर गेला नाई. मंग यंदा काय बदललं? ते सांगा, अन् मंग उघडा इंजिन.”

मला राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता. गॅरेजमध्ये प्रत्येक गाडीचं एक कार्ड ठेवतो. ताईंचं कार्ड काढलं. मार्चमध्ये गाडी सर्विसला आली होती. तेव्हा कुठलीच तक्रार नव्हती. ऑइल बदललं. फिल्टर बदलला. एसीचा गॅस भरला. आणि सगळ्यात खाली, माझ्याच अक्षरात, ‘उन्हाळी काम. थर्मोस्टॅट काढला.’

मी ती ओळ दोनदा वाचली.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची एक पितळी झडप, लिंबाएवढी. इंजिन थंड असताना ती रेडिएटरची वाट बंद ठेवते, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. तापलं की उघडते. मी काम शिकलो ते दर्यापूरच्या जीपांवर. सीटं भरून, टपावर माणसं बसवून त्या उन्हाळाभर धावायच्या. माझे उस्ताद म्हणायचे, ‘वऱ्हाडात इंजिन गरम करायला झडप कशाला पाहिजे? चैत्र लागला की काढून फेक.’ त्या जीपांना ते चालायचं. तेव्हापासून जी जुनी गाडी उन्हाळ्याआधी येईल, तिची झडप मी न विचारता काढतो. वेगळे पैसे घेत नाही. ती माझी सेवा असायची.

ताईंच्या गाडीत मात्र त्या झडपेला दोन चकत्या होत्या. एक रेडिएटरची वाट उघडते. त्याच वेळी दुसरी, इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आखूड वाट बंद करते. मी झडपच काढली, म्हणून आखूड वाट कायमची उघडी राहिली. तापलेलं पाणी रेडिएटरकडे जायच्या ऐवजी तिथल्या तिथे फिरून परत इंजिनात. गावात हळू चालवताना चालून जातं. हायवेवर, एसी लावून, मे महिन्याच्या दुपारी पन्नास किलोमीटर पळवली की संपलं. नेमकं मूर्तिजापूर येतं.

आणखी एक आठवलं. एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या रशीदभाईंनी गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला होता. ते गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतात. स्कॅनरने लिहिलं होतं, ‘इंजिन वेळेत गरम होत नाही.’ आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. “वसंता, ये विलायती दिमाग है, इसको अपना उन्हाळा समझताच नहीं,” असं म्हणून रशीदभाईंनी तो निरोप पुसून टाकला. गाडी बिचारी सरळ सांगत होती की माझी झडप कुठे गेली.

ताई फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. मी फडताळावरचा डबा उतरवला. काढलेल्या झडपा मी फेकत नाही, पत्र्याच्या डब्यात टाकतो. जमिनीवर ओतल्या. दोन चकत्यांची एकच निघाली. ती घेऊन समोरच्या चहावाल्याकडे गेलो, पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि झडप तारेला बांधून आत सोडली. पाणी कढत झालं तशी ती हळूहळू उघडली. बाहेर काढली, मिटली. एकदम ठणठणीत होती.

इथे एक गोष्ट कबूल करतो. ती गुपचूप बसवून टाकता आली असती. ‘शेवटी सापडलं बघा’ म्हणालो असतो तर ताईंनी आभार मानले असते. अर्धा मिनिट मी तो विचार केला. मग बाहेर जाऊन झडप त्यांच्या हातावर ठेवली.

“चूक माझी आहे, ताई. मार्चमध्ये ही मी काढली.”

सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. “म्हंजे पाटाच्या दांडाचं दारच काढून टाकलं. पाणी वरच्याच वाफ्यात फिरून राहिलं, खालच्या वावराले थेंब नाई.”

“अगदी तसंच.”

“मंग मी तीन येळा उन्हात बसली, ते तुमच्यामुळं.”

“हो.”

त्यांनी झडप परत माझ्या हातात दिली. मला एवढी लाज तीस वर्षांत वाटली नव्हती. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बसवा,” त्या म्हणाल्या. “बाकीचं रविवारी बोलू.”

बसवायला पाऊण तास लागला. शुक्रवार-शनिवार मी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. पाण्यातली हवा काढली, प्रत्येक नळी हाताने चाचपली, आणि हेड गॅस्केट खरंच फुटलेली नाही ना याची तपासणी केली. पट्टी शाबूत होती. सव्वा लाखाचं काम मी एका शाबूत पट्टीवर काढायला निघालो होतो.

शनिवारी रशीदभाई म्हणाले, “सुबह छे बजे निकलो, थंडे थंडे में.” मला सल्ला आवडला. ताईंना नाही आवडला.

“थंड येळी तं कोणतीबी गाडी जाईन. दुपारी एकले निघू. एसी लावून. तुमी बाजूले बसा.”

रविवारी एकला बसलो. बडनेरा गेलं. काटा अर्ध्यावर. ताईंनी पाय दाबला. वेगाचा आकडा मी लिहीत नाही, त्यांना चलान येईल. बाहेर रस्ता पांढरा दिसत होता, झाडाखालची ढोरंसुद्धा हलत नव्हती. माझे डोळे काट्यावरून उठत नव्हते. ताईंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

कडुनिंब आला. ताईंनी हॉर्न वाजवला, लांब आणि जोरात, आणि पुढे निघून गेल्या. काटा अर्ध्यावरच. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा मी श्वास सोडला असावा, कारण त्या हसून म्हणाल्या, “भिऊन राहिले का, भाऊ?”

“हो. लय.”

“मी बी.”

नर्सरीच्या फाटकाशी प्रकाश आणि तो सुटे भागवाला खुर्च्या टाकून बसले होते. गाडी आत येऊन थांबली. प्रकाशने बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला, आणि काचेतून वाकून काटा पाहिला. बराच वेळ पाहिला.

“काय होतं शेवटी?” त्याने मला विचारलं.

“मी होतो,” मी म्हणालो.

सुटे भागवाल्याला चहा मिळाला. तो बिचारा गाडीभोवती दोन चकरा मारून गेला.

ताईंनी हिशेब तिथल्या तिथे मिटवला. दोन्ही वेळची माझी मजुरी आणि तिन्ही वेळच्या क्रेनचे पैसे त्यांनी परत मागितले. रेडिएटर, पंप, पंखा यांचे मी देऊ केले ते घेतले नाहीत. “ते जुने झालेच होते, पुढची पाच वर्सं पाहाची गरज नाई. पण मले सांगा, त्या डब्यात आणखी किती हायेत?”

डब्यात त्रेसष्ट झडपा होत्या. बहुतेक जीपांच्या, त्या जीपा कधीच्या भंगारात गेल्या. कार्डं काढून बसलो, तर नऊ गाड्या अजून रस्त्यावर निघाल्या. नऊही जणांना फोन केला. सात आल्या, फुकट बसवून दिल्या. एक धामणगावचे गृहस्थ म्हणाले, “राहू द्या हो, मिस्त्री, उन्हाळ्यात काढलेलीच बरी.” झडपेवाचून इंजिन थंड चालतं आणि इंधन जास्त खातं, हे त्यांना घरी जाऊन पटवावं लागलं. नवव्याने माझ्या नावाने शिव्या दिल्या आणि दुसरा मिस्त्री धरला. त्याचा मला राग नाही.

ताईंची गाडी अजून चालते. दर वर्षी काही ना काही निघतंच, जुनी स्पोर्ट्स कार आहे ती. मागच्या वर्षी खिडकीची मोटर गेली, यंदा पुढच्या चाकांचे रबरी बुश. त्या येतात, पैसे मोजतात, पण बिल पाहायच्या आधी हात पुढे करून म्हणतात, “काढलं काय काय, ते दाखवा.” मी एकेक वस्तू हातावर ठेवतो.

आता कुठलीही गाडी बिघडून आली की मी बॉनेट उघडण्याआधी कार्ड उघडतो आणि शेवटी कोणी हात लावला ते पाहतो. मिस्त्रीची तपासणी पहिली करावी. तिला सुटे भाग लागत नाहीत.