हळू चाकाचा सिग्नल

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात टेस्टिंग सांभाळणारा हा माणूस मला कधी नावाने हाक मारत नाही. "काय इंजिनियर?" म्हणतो आणि उत्तराआधीच पाठ फिरवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याच्या तोंडी 'इंजिनियर' हा शब्द शिवीसारखा लागतो.

बसच्या ब्रेकचे कंट्रोल बॉक्स तपासायला मी एक सर्किट बनवलं. ते चाकाजवळच्या चुंबकी सेन्सरची नक्कल करतं: चाक हळू फिरलं की सिग्नल दुबळा, जोरात फिरलं की तगडा. काल दुबळा सिग्नल सहा बॉक्सना ऐकूच आला नाही. ह्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, माझ्या सर्किटचा स्क्रू पिळला आणि सिग्नल प्रत्येक वेगाला तगडाच करून टाकला. सहाही पास!

"झालं ना काम? कशाला डोकं लावतोस यार!"

"हळू चाकावर खरा सेन्सर एवढा जोर देतच नाही. बॉक्सला वाटेल, बस थांबलीये, आणि ब्रेक दाबल्यावर चाकं अडकून ती घसरेल."

"वाटू दे ना! बस काय तुझा बाप चालवतो?"

"हो," मी म्हणालो. "रोज चालवतो."

त्याचा चेहरा उतरला, पण स्क्रूकडे हात काही गेला नाही. स्क्रू मीच परत फिरवला आणि सहाही बॉक्स नापासच्या ट्रेमध्ये आपटले.