तुला नाही

चर्चमधी प्रभुभोजन चाललं होतं. पाळकसाहेबांनी द्राक्षरसाचा प्याला माझ्यापुढनं उचलून नेला. माझा हात पुढं केलेला तसाच राहिला.

“तुला नाही,” ते म्हणाले. साऱ्या मंडळीला ऐकू जाईल असं. “तू भुतांच्या मेजावर जेवून आलीस.”

भुतांचं मेज म्हणजे काय, तर मनोरकडं आमच्या पाड्यावर भावाच्या पोरीचं लगीन. आमच्या वारल्यांत भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढल्याशिवाय लगीन लागत नाय. आईचे हात आता थरथरतात. तिनं पिठाची वाटी माझ्याकडं दिली. मी काढला चौक. त्यात देवी असते. हां, असते. भाचीच्या लग्नात मी काय हाताची घडी घालून बसू? कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, तो इथं बोईसरला पोचला.

मला मंडळीत आणलं कुणी? यांनीच. माझं बाळ गेलं तेव्हा पाळकसाहेब आमच्या भाड्याच्या खोलीत आले, खाली फरशीवर बसले, माझ्यासंगं रडले. म्हणाले, “बाई, तू काही केलंस म्हणून देवानं तुला निवडलं नाही. त्याची मर्जी. कृपा लायकी बघत नाही.” कंपनीत मुकादम, चाळीत घरमालकीण, जो तो मला माझी लायकी दाखवायचा. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, लायकी लागत नाय. बाप मानलं मी त्या माणसाला.

त्यानंच घात केला.

“पुढे ये,” प्याला बाजूला ठेवून पाळकसाहेब म्हणाले. “आईचे देव सैतान आहेत, असं सगळ्यांसमोर बोल. मग बघू.”

पहिल्या बाकावरच्या बंगलेवाल्या बाई मान डोलवत होत्या. त्यांच्या लेकीच्या लग्नात हळद, गाणी, सगळं झालं. मीच तिथं भांडी घासलीत. त्यांची ती रीत, आमचं ते भूत. वा रे न्याय!

मी उठले.

“सायेब, मी नाय येनार. ज्यानं मला निवडलं त्याला माझी आई म्हाईत होती, पाडा म्हाईत होता. त्यानं काय इचारलं नाय. तुमी कोन इचारनार?”



मंडळी मी सोडली नाय. प्रभुभोजनाच्या दिवशी जाते, हात पुढं करते. ते मला टाळून पुढं जातात. “लाज नाय वाटत?” बाया विचारतात. वाटायची. आता चीड येते. तो प्याला काय पाळकाच्या घरचा नाय. आईच्या देवांना सैतान ठरवून मी तो घेणार नाय. आणि तो घेतल्याबिगर तिथनं हलणारही नाय.