मातीवर माती

माझी सून घरी बसून कंपूटरवर काम करती. बियान्याच्या दुकानांत बिल निघतं, कोन्त्या थैल्या उरल्या ते दिसतं, ते समदं तिनं लिहिल्यालं. मस्तगडला आमची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत तिचं टेबल, दाराशी माझी बाज.

मागल्या पेरनीला ते भर गर्दीत बंद पडलं. दुकानांम्होरं मान्सं उन्हात हुभी, न् इकडं हिचा फोन थांबंना. हिला काम देनाऱ्या सायबानं सुनावलं, पुढल्या पेरनीला असं झालं तर काम दुसऱ्याला देईन. तवापासून पोरगी धड जेवंना.

म्या इचारलं, "नेमकं बिघडतं काय गं?"

"आत्या, दरसाली घाई. जुन्यावर नवं चिटकवायचं आन चालू करायचं. आता एकीकडं हात लावला की दुसरीकडं तुटतं. तरी साहेब म्हन्तेत, औंदा अजून चार गोष्टी घाल."

मला आमचं टेंभुर्णीकडलं घर आठवलं. माळवद व्हतं, वर मातीचंच छत. पाऊस लागायच्या आधी जुनी माती खरवडून काढायची आन मंग नवी पांढरी माती पसरायची, अशी रीत. आमच्या मालकाला खरवडायचा कटाळा. गळालं की टाक पाटी, गळालं की टाक पाटी. पाट्या मीच वाह्यची, शिडीनं. "आधी जुनी काढा" म्हन्लं की म्हनायचे, "आता गळून राह्यलं का? न्हाई ना? मंग गप." वज्यानं छताखालचा लाकडाचा सर वाकला, तर त्याला खालून टेकू लावला. एका सकाळी मी चुलीपुढं बसल्ते, आन सर मोडला. माझा पाय खाली सापडला. लेकरू भाईर झोळीत व्हतं म्हून वाचलं. पाय वाकडाच बसला. तसंच खुरपायला गेले, तसंच लेकरं वाढवली. न जाऊन काय करतेत.

सुनंला हे म्हाईत व्हतं. म्या म्हन्लं, "सांग की मंग सायबाला."

"तुमी सांगितलं व्हतं ना मामांना? त्यांनी ऐकलं का?"

"न्हाई ऐकलं. पन तुजं काय सायबाशी लगीन लागलंय?"

लई दिसांनी पोटभर हासली.

दुसऱ्या दिशी तिनं सायबाला फोन लावला, आवाज मोठा करून. मी बाजंवर आयकून राह्यले.

"सर, नवं घालते. पण आधी बिलाचं जुनं काम उकलून नीट करू द्या."

"त्याच्यात वेळ वाया जाईल."

"भर पेरणीत बंद पडलं तर जास्त जाईल, सर."

मंग तो म्हन्ला, "ठीक आहे. चारातल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षी बघू. बिलाचं साफ कर, आणि दर शुक्रवार जुन्या कामाला धर."

पेरनी आली. कायबी बिघडलं न्हाई असं न्हाई. वडीगोद्रीच्या एका दुकानात बिल अडकलं. पन औंदा हिला बिघाडाची जागा बराबर सापडली, तेवढंच दुरुस्त केलं, आन बाकीची दुकानं चालूच राह्यली. काम हिच्याकडंच राह्यलं.

निम्मं जुनं अजून तसंच हाय, म्हन्ती. दर शुक्रवारी ते उकलत बसती. त्या दिशी भाकरी मी टाकते.